भावजींच्या गाडीचे आर्म

लग्न होऊन मी नगरला आले तेव्हा भावजी चौदा वर्षांचे होते. सासूबाई आधीच गेलेल्या. ह्यांची नोकरी साखर कारखान्यात, रविवारी तेवढे घरी. त्यामुळे भावजींचं जेवणखाण, ताप, परीक्षा, सगळं माझ्याच अंगावर पडलं. त्यांना उशीर झाला की मी दारात उभी राहायची. ती सवय पुढे मोडली नाही.

डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडून ते स्टेशन रोडवरच्या एका गॅरेजात लागले. तिथल्या मिस्त्रींना हाताशी धरून त्यांनी शर्यतीची गाडी बांधायला घेतली. अपघातात चेपलेल्या एका छोट्या मोटारीचं इंजिन आणि स्टिअरिंग घेतलं, बाकी सांगाडा लोखंडी नळ्यांचा. मद्रासजवळ लढाईच्या काळातली विमानांची धावपट्टी होती, तिथे शर्यती होत. तिथे जायचं, एवढं एकच डोक्यात.

एक दिवस ते चपाती तशीच ठेवून म्हणाले, "वहिनी, पुढच्या चाकांचं गणित तुम्ही करून द्या."

"मला सायकलसुद्धा येत नाही."

"चालवायची कुठं आहे? कागदावर काढायची आहे. तुम्ही बीएस्सी, मुलींना भूमिती शिकवता. मला सांगा, वरचा आर्म किती लांब ठेवू?"

त्यांनी समजावलं ते असं. पुढचं प्रत्येक चाक सांगाड्याला दोन आर्मनी धरलेलं असतं, एक वर, एक खाली. वळणावर गाडी कलते, पण चाक मात्र रस्त्यावर पूर्ण टेकून उभं राहायला हवं. ते राहील की नाही, हे त्या दोन आर्मच्या लांबीवर आणि उतारावर ठरतं. चुकलं तर चाक नुसत्या कडेवर येतं आणि गाडी घसरते.

"आणि घसरली तर?" मी विचारलं. ते हसले. मला हसू आलं नाही.

तरी मी बसले. जेवायला बसायचा पाट मांडीवर घ्यायचा, जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापायच्या, टाचण्यांनी पाटावर ठोकायच्या आणि पुठ्ठ्याचं चाक वरखाली करून कोन मोजायचा. वरचा आर्म खालच्यापेक्षा आखूड ठेवला की चाक वर जाताना नेमकं हवं तसं आत कलतं, हे मला दिसलं तेव्हा बरं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. शाळेत गणित चुकलं तर डस्टर होतं. इथे मी ओढलेली रेघ लोखंडाची होणार होती आणि तिच्या भरवशावर आमचं पोर ताशी साठ-सत्तर मैलांनी जाणार होतं. मी प्रत्येक आकडा तीनतीनदा तपासू लागले. वर्गात शिकवता शिकवता मध्येच थांबायची.

आर्म वेल्ड झाले तेव्हा मी गॅरेजात बघायला गेले. मिस्त्री चाकाशी उकिडवे बसले होते. स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणारा दांडा त्यांनी बोटानं दाखवला.

"बाई, ह्यो दांडा आखूड वाटतोय मला. आर्मच्या मानानं लई आखूड हाय."

"तो जुन्या गाडीचाच आहे ना? मग ठीक आहे. कोन सगळे मोजलेत मी."

"तुमी मोजलंय म्हंजे बराबरच आसंल," ते म्हणाले आणि उठले. मला जरा रागच आला होता, तो त्यांना दिसला असणार.

गाडी पहिल्यांदा पळवायचा दिवस शाळेचाच होता. इमामपूरचा घाट उतरला की घोडेगावपर्यंत सडक सरळ आहे, तिथे टेम्पोमागे बांधून नेतो, असं भावजी सकाळी सांगून गेले. मी नववीला वर्तुळ शिकवत होते. फळ्यावर दोन केंद्रं घेतली, एकाची त्रिज्या मोठी, दुसऱ्याची लहान, आणि दोन कंस काढले.

"बघा, एका बिंदूत भेटतात, मग फाकत जातात."

आणि हातातला खडू तसाच राहिला. आर्म फिरतात मोठ्या कंसात. तो आखूड दांडा फिरतो लहान कंसात. चाक खड्ड्यात गेलं किंवा उंचवट्यावर चढलं की दांडा त्याला आत ओढणार, म्हणजे हात न लावता चाक वळणार! मी आर्म तेवढे मोजले होते. दांडा पाटावर कधी ठोकलाच नव्हता.

रजा मागायला गेले तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, "घरी कोणी आजारी आहे का?" मी हो म्हटलं आणि बाहेर पडले.

गॅरेजला कुलूप होतं. स्टँडवर नेवाशाची एसटी लागलेली होती. ती सुटेना. कंडक्टर कोणाच्या तरी गाठोड्यावरून वाद घालत होता आणि मी पदर पिळत बसले होते. घाटात गाडी सरकेना. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता पुढे गर्दी दिसेल.

तशी ती दिसलीच. बहात्तरचा दुष्काळ, सडकेच्या कडेला खडी फोडायचं काम चालू होतं, आणि तिथे बायामाणसांचा घोळका. मी ओरडून एसटी थांबवली.

गाडी डावीकडे सडक सोडून खडीच्या ढिगात घुसली होती. भावजी बाभळीखाली बसलेले, कपाळाला फडकं बांधलेलं, डावा हात छातीशी धरलेला. मला बघून त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी, चूक माझी. मोरीवर उंचवटा होता, हात ढिला पडला."

शेजारी उभी असलेली एक बाई, हातात अजून हातोडा, लगेच म्हणाली, "न्हाई ओ बाई. म्या समोरूनच बघत हुते. ह्यानं काई केलं न्हाई. गाडी आपसूकच वळली."

ढिगाच्या पलीकडे, दहा पावलांवर, खडी फोडणाऱ्या कोणा बाईची झोळी टांगलेली होती. आत मूल झोपलं होतं.

मिस्त्री गाडीखालची खडी उपसत होते. दांड्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ते न बघणं मला लागलं.

"भावजी," मी म्हटलं, "हात ढिला नव्हता. माझं गणित अर्धं होतं. मिस्त्रींनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

ते त्या झोळीकडे बघत म्हणाले, "घरी जाऊन परत मोजू."

गळपट्टीचं हाड मोडलं होतं. रविवारी हे आले आणि गाडी भंगारात घाला म्हणाले. मीही तेच म्हणायला हवं होतं. पण मोडलेलं तसंच टाकलं तर ती चूक जन्मभर माझ्याबरोबर राहील, असं वाटलं. मी गॅरेजात गेले आणि मिस्त्रींना म्हटलं, "मला दाखवा."

त्यांनी स्प्रिंगा काढल्या, चाकाखाली जॅक लावला. मग चाक अर्धा अर्धा इंच वर घ्यायचं, त्याच्या कडेशी सरळ दोरा ताणायचा आणि ते किती वळलं ते मी वहीत लिहायचं. दोन्ही चाकांच्या दांड्यांना जोडणारा मधला दांडा आखूड करून बाजूंचे दोन लांब केले. पाचव्या खेपेला चाक तळापासून वरपर्यंत गेलं आणि दोऱ्यापासूनचं अंतर बदललं नाही.

"आता जाऊ द्या," मिस्त्री म्हणाले.

"अजून एकदा," मी म्हटलं. त्यांनी पुन्हा जॅक उतरवला.

हिवाळ्यात भावजी आणि मिस्त्री मद्रासला गेले. शर्यतीच्या दिवशी मी घरात एका जागी बसले नाही. काय करते आहे ते कळत नव्हतं, आमटीत दोनदा मीठ पडलं. तार आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. ती मला फोडवेना, शेजारच्या काकूंकडे दिली. त्यांनी चष्मा लावून वाचलं, "इंजिन तापलं. शर्यत अर्धवट. आर्म उत्तम. सुखरूप."

"म्हणजे हरला का गं?" काकूंनी विचारलं.

"हो," मी म्हटलं, आणि उंबऱ्यात बसून रडले.

पुढे भावजी आणखी तीन शर्यतींत उतरले. जिंकले एकही नाहीत. त्याच काळात त्यांचंही लग्न झालं आणि शर्यतीच्या दिवशी दारात उभी राहायला जाऊबाई आल्या. मी त्यांना कधी सांगितलं नाही की त्या चाकांचं गणित कोणी केलं होतं.