मस्कतहून आंधळगावच्या बूथवर

मतदार यादीतून माझं नाव कापलं ते आमच्या शेजारच्या काकूने. काकू अंगणवाडीत आहे, आणि गावातल्या एका बूथची यादीही तिच्याकडेच असते. घरोघरी जायचं, कोण वारलं, कोण लग्न होऊन गेलं, कोण अठराचं झालं ते लिहून आणायचं, हे तिचं काम. एका हिवाळ्यात ती आमच्या घरी आली, तेव्हा मला मस्कतच्या इस्पितळात नर्स म्हणून लागून तीन वर्षं झाली होती.

"भाऊ, पोरगी कुठं राह्यते आता?" तिने बाबांना विचारलं.

"मस्कतले," बाबा छाती फुगवून म्हणाले.

काकूने तेच लिहून घेतलं.

पुढच्या निवडणुकीला मी योगायोगाने सुट्टीवर होते. जुनं मतदार कार्ड घेऊन आईबरोबर शाळेत गेले, तर यादीत आईचं नाव, बाबांचं नाव, आणि त्यानंतर एकदम शेजारचं घर. बाहेर टेबलाशी काकू बसली होती. मी तिला विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, "तू इथं राह्यतच नाहीस, तं नाव कसं राहीन? नियम आहे, बाई." तिचं काही चुकलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण भर पंगतीतून उठवल्यासारखं वाटलं. रांगेतल्या बाया माझ्याकडे पाहत होत्या. मी ओढणी सारखी केली आणि घरी आले.

बाबांना माझ्याहून जास्त लागलं. त्यांची सगळी नोकरी जवाहरनगरच्या सरकारी फॅक्टरीत गेली. माझं लहानपण तिथल्या क्वार्टरमध्येच गेलं. निवडणूक आली की त्यांची ड्यूटी लागायची. दोन दिवस आधी पेट्या घेऊन कुठल्यातरी जंगलाकडच्या गावी जायचे आणि परत आले की आवाज बसलेला, पाय सुजलेले. स्वतःचं मत त्यांनी वर्षानुवर्षं टपालाच्या पाकिटातून पाठवलं. रिटायर होऊन आंधळगावला घर बांधलं, तेव्हा कुठे त्यांना रांगेत उभं राहून मत द्यायला मिळालं. त्याचं त्यांना केवढं अप्रूप! आता त्या रांगेतून माझं नाव गेलं होतं. काकूशी त्यांनी बोलणंच टाकलं. ती दारावरून गेली की मुद्दाम पेपर वर धरायचे.

मस्कतला माझ्या वॉर्डात एक मल्याळी सिस्टर होती. तिला मी हे सगळं सांगितलं तर ती हसायलाच लागली. "तू फॉर्म भरला नाहीस? आमच्याकडचे लोक मत द्यायला विमानं भरभरून जातात." परदेशात राहणाऱ्यांसाठी वेगळा फॉर्म असतो, हे मला तेव्हा कळलं. पासपोर्ट भारताचा हवा आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं नको. मग पासपोर्टवर जे गाव आहे तिथल्या यादीत नाव लागतं. मत मात्र स्वतः तिथे जाऊन द्यायचं, मूळ पासपोर्ट दाखवून.

बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांना ते पटेना. "मले ड्यूटीवर असताना पाकिटातून टाकता येत होतं, तं तुले काहून नाही?"

"मले काय माहीत, बाबा. त्याईले विचारा."

"कोणाले?"

हे मलाही माहीत नव्हतं. फॉर्म मात्र त्याच आठवड्यात भरला.

आता असा फॉर्म आला की गावच्या बूथचं काम पाहणाऱ्याने घरी जाऊन चौकशी करायची असते. म्हणजे परत काकूच. ती कागद घेऊन आली तेव्हा बाबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सरकारी साहेबाशी बोलावं तसं बोलू लागले. आईने मला व्हिडिओ कॉल लावून दिला होता.

"अर्जदार आपली कोण?" काकूने कागदात पाहून विचारलं. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी बाई ही!

"कन्या," बाबा म्हणाले.

"सध्या कुठं राह्यते?"

मागच्या खेपेला याच उत्तराने घात केला होता. बाबा अगदी सावकाश म्हणाले, "राह्यते मस्कतले. पण घर इथंच आहे."

काकूने मान वर केली, आधी त्यांच्याकडे आणि मग फोनमध्ये माझ्याकडे पाहिलं, आणि तिला हसू आवरेना. आई आत चहा टाकायला गेली. त्या दिवसापासून बाबांचा पेपर काकूसाठी परत खाली आला.

अर्ज मंजूर झाला, पुढे लोकसभेची निवडणूक लागली आणि आमच्या जिल्ह्याचं मतदान एप्रिलात आलं. मला चारच दिवसांची सुट्टी मिळाली. नवरा म्हणाला, "एका मतासाठी एवढं?" पण विमानतळावर सोडायला तोच आला. आदल्या दिवशी पोचायचा बेत होता. मुंबईला विमान चुकलं, रात्र तिथेच काढावी लागली, आणि नागपूरला उतरले तेव्हा मतदानाच्या दिवसाचे साडेदहा वाजून गेले होते.

गाडीतून आईला फोन केला. तिने सकाळी सातलाच मत देऊन टाकलं होतं आणि घरी वडे तळत होती. "तुह्ये बाबा शाळेतच बसून हायेत," ती म्हणाली. "तू आल्याशिवाय मत टाकत नाही म्हणतात. सांगून सांगून थकली मी."

भंडारा मागे पडला, मोहाडी आली. बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं, रस्त्यावर माणूस नाही. मी घरी न जाता गाडी सरळ शाळेकडे घ्यायला लावली. बाबा कडुनिंबाखाली डोक्याला दुपट्टा गुंडाळून बसले होते, शेजारी पाण्याची बाटली. मला पाहून ते उठले आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, "पासपोर्ट आणला ना?"

"आणला. जेवले का तुम्ही?"

"चल, लाईन कमी आहे."

फाटकावरच्या पोलिसाने माझी भली मोठी बॅग पाहून हात आडवा केला. ती निंबाखाली ठेवली, तिच्यावर मोबाईलची पर्स ठेवली आणि काकूने तिच्या टेबलावरून ओरडून सांगितलं, "जा तू, मी लक्ष ठेवतो." आमच्याकडे बायाही अशाच बोलतात, त्यात काही वावगं नाही.

आत यादी घेऊन बसलेल्या सरांनी कार्ड मागितलं. मी पासपोर्ट पुढे केला. त्यांनी तो उघडला, व्हिसाची पानं चाळली, मग यादीत नाव शोधलं. नव्हतं. परत शोधलं. माझ्या मागची रांग थांबली. एवढा समुद्र ओलांडून यायचं आणि परत तसंच घरी जायचं?

"तुम्ही बाहेर राहता ना? मग नाव इथं कसं असेल?" ते म्हणाले.

बाबा पुरुषांच्या रांगेतून एकदम बोलले, "साहेब, मी तीस वर्षं हे काम केलं आहे. नीट पाहा."

"काका, आवाज करू नका."

केंद्राध्यक्ष उठून आले. बाहेरच्या तालुक्यातले एक मास्तर होते, चष्मा घामाने घसरत होता. त्यांनी पासपोर्ट पाहिला, मला बाजूला उभं केलं आणि बाहेर काकूला हाक मारली. काकू दारात आली. आत आली नाही, नियम आहे ना! तिथूनच म्हणाली, "सर, शेवटचं पान काढा. बाहेरगाववाल्याईचं वेगळं असते."

शेवटचं पान निघालं. वर छापलेलं 'परदेशस्थ मतदार' आणि त्याखाली एकच ओळ. ती माझी. बाकी पान कोरं.

"बारा निवडणुका केल्या मी," मास्तर म्हणाले, "हे पान वापरायची वेळ पहिल्यांदाच आली." मग त्यांनी नियमाचं पुस्तक काढून एक परिच्छेद आपल्याशीच वाचला, मान डोलावली आणि माझं नाव मोठ्याने पुकारलं. रजिस्टरवर सही केली. बोटाला शाई लागली. मशीनचा लांब आवाज झाला आणि काचेमागची चिठ्ठी दिसून खाली पडली. बाहेर येऊन मी निंबाखालची बॅग उचलली.

माझ्यामागून बाबा आले, शाईचं बोट हवेत धरून. आम्ही गाडीत बसलो आणि त्यांनी विचारलं, "कोणाले टाकलं?"

"ते गुप्त असते, बाबा. तुम्हीच शिकवलं."

"बापाले सांगायले काय होते?"

घरापर्यंत धीर धरवला नाही त्यांना. त्यांनी त्यांचं सांगितलं, मग मी माझं सांगितलं. आमची मतं बरोबर उलटी पडली होती.

"म्हणजे फिट्टमफाट," मी म्हटलं.

बाबा खदखदून हसायला लागले, दुपट्ट्याने डोळे पुसेपर्यंत. "पण दोघांचंही पडलं ना! ते महत्त्वाचं," ते म्हणाले.

आईने लाखोरीच्या डाळीचे वडे आणि भात वाढला. तिला आमचा हिशोब सांगितला तेव्हा तिने हातातला झारा तसाच धरून विचारलं, "मंग विमानानं आली कायले? दोघं घरीच बसले असते तं तेच झालं असतं!" बाबांनी मान खाली घालून भात कालवायला घेतला. मी सात वडे खाल्ले.

दिवस मावळताना काकू आली. दिवसभर टेबलाशी बसून चेहरा काळवंडला होता. ती ओट्यावर टेकली, तांब्याभर पाणी एका दमात प्याली आणि म्हणाली, "ते मास्तर शेवटी कागद भरून राह्यले होते. त्यात परदेशी मतदारांचा रकाना आहे म्हणे. दरवेळी तिथं शून्य मांडत होते. आज त्याईनं एक मांडला. मले बोलावून दाखवला, म्हणे बाई, हे तुमच्या गावचं."

बाबा आत गेले आणि काकूसाठी वड्यांची प्लेट स्वतःच्या हाताने घेऊन आले.