न शिजवलेली पट्टी

अ‍ॅक्रिलिकच्या द्रवाचा उग्र वास आला की मला सिन्नरच्या कारखान्यात काम करणाऱ्या एक ताई आठवतात. द्वारका चौकाजवळच्या दातांच्या लॅबमध्ये मी कवळ्या बनवतो. ताई झोपेत दात खायच्या, म्हणून डॉक्टरांनी त्यांच्यासाठी दातांवर बसवायची कडक पट्टी सांगितली होती. अशी पट्टी साच्यात घालून गरम पाण्यात तासन्‌तास शिजवावी लागते, तरच ती टिकते. त्या दिवशी कामं साचली होती. मी कवळ्या सांधायचं, न शिजवता वीस मिनिटांत घट्ट होणारं अ‍ॅक्रिलिक वापरलं आणि वरून इतकं चकचकीत पॉलिश केलं की डॉक्टरांनाही फरक कळला नाही. दीड महिन्यात ताई रुमालात दोन तुकडे घेऊन आल्या. पट्टी झोपेतच मोडली होती आणि खालची दाढ उभी चिरली होती. ती काढावी लागली. "दादा, रागवू नका," सुजलेला गाल पदराने झाकत त्या म्हणाल्या, "तुमचं काम चांगलंच असंल. माझ्याच दातांना लय जोर हाय. घरचे म्हणतात, हिला रसवंतीवर ऊस पिळायला बसवा." खरं सांगायला मी तोंड उघडलं, पण म्हणालो, "असतात ताई, काहींचे दात तसे." त्यांनी गुन्हा कबूल केल्यासारखी मान हलवली. दुसरी पट्टी मी दिवसभर शिजवली. ती अजून शाबूत आहे. परवा डॉक्टरांनी तिचं कौतुक केलं, तर ताई म्हणाल्या, "आता मी जपून झोपते." डॉक्टरांनी मला हे हसत सांगितलं, आणि मीही त्यांच्याबरोबर हसलो.