माझ्या घरचं शिजलेलं

२०२३ साल. माझं वय एकाहत्तर.

माझ्या स्वयंपाकघरात तीन बाया उभ्या होत्या आणि माझ्या हातात भरताची ताटली होती. ताटलीच्या कडेला तीन चमचे लावले होते. चमचे नवे. आदल्या दिवशी मेहकरहून आणलेले.

चष्मेवाली बाई म्हणाली, "अहो, आज माझा उपास आहे."

दुसरी म्हणाली, "अगंबाई, माझापण."

तिसरी मोबाईलवर माझ्या ओट्याचा फोटो काढत होती.

दीड तास आधी या तिघींनी माझ्या डोळ्यांसमोर दोन-दोन धिरडी खाल्ली होती. दह्यासंगं. एकीनं तिसरंही मागून घेतलं होतं.

मला राग आला नाही. काहीच आलं नाही. पौषात हौदात हात घालून विटा काढल्या की बोटं जशी आपली राहत नाहीत, तसं अंगभर झालं. ताटली हातात होती, पण ती धरली आहे हे कळत नव्हतं.

त्या माझ्या घरी कशा आल्या ते आधी सांगतो.

मी गवंडी. आमच्या भागात मिस्तरी म्हणतात. शाळा चौथीपर्यंत. पंधराव्या वर्षी बापाच्या हाताखाली थापी धरली. घरं बांधली, पण माझं नाव झालं ते ओट्यासाठी. स्वयंपाकाचा ओटा म्हटलं की बाया म्हणायच्या, त्याच मिस्तरीला बोलवा. किती बांधले ते मोजले नाहीत.

बाई नवऱ्याला सांगत नाही ते मिस्तरीला सांगते. एक म्हणाली होती, "खिडकी रस्त्याकडं नका काढू, विहिरीकडं काढा. मले येणाऱ्या-जाणाऱ्या बाया दिसल्या पायजे." एक म्हणाली, "काळी फरशी नको बसवू दादा. पीठ सांडलं का त्याच्यावर घरभराले दिसते." एक तर हळूच म्हणाली, "ओटा अशा अंगानं घ्या का माही पाठ सासूकडं राहीन." मी तसाच घेतला. सासू वर्षभर म्हणत होती, मिस्तरीची दिशा चुकली.

हे सगळं मला पाठ आहे. कोणाला काय आवडतं, कोण कशाला कंटाळली. मोरीचा वास, हात न पुरणारी फळी, तोंडावर येणारी वाफ.

उंचीचं माप मी कोपरावरून घेतो. बाईनं भिंतीला लागून उभं राहायचं, कोपर वाकवायचं. कोपराशी कोळशाची रेघ. रेघेच्या खाली एक मूठ सोडून ओटा. मग कंबर दुखत नाही. रेघ तिची तिनंच मारायची. मी दारात उभा. माझा हात लागायला नको म्हणून. आम्ही बौद्ध. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला.

ओटा बांधून होईपर्यंत मी त्या खोलीत कुठंही फिरायचो. विडी ओढायचो, भाकर सोडायचो, दुपारचा लवंडायचो. मग त्या घरचे चांगला दिवस बघत. नव्या ओट्यावर पहिलं दूध ठेवत. दूध उतू घालवत. हळदकुंकू लावत. दूध उतू गेलं की तिथून पुढं मी त्या खोलीत चालत नव्हतो. दार ही माझी हद्द.

एकदा एका घरी मोरी गळायला लागली. मीच बसवलेली. बोलावणं आलं. मी अंगणात बसून राहिलो आणि घरच्यांनी शेगडी बाहेर काढली, पाण्याचे हंडे बाहेर काढले, पिठाचा डबा बाहेर काढला. खोली रिकामी झाली तेव्हा म्हणाले, या मिस्तरी. काम केलं. बाहेर येऊन थापी धूत होतो तोवर आत गोमूत्र शिंपडणं चालू झालं. मी जायचीही त्यांनी वाट पाहिली नाही.

मी म्हणायचो, रीत आहे. माझा बापही हेच म्हणायचा. घरी येऊन जेवायचो.

माझी घरवाली वच्छला. ती म्हणायची, "त्याइले उभं करता ओट्यापाशी, अन् मी इथं उकिडवी." तिचं बरोबर होतं. सगळ्यांचे ओटे झाले आणि शेवटी तिचा बांधला. तिचं कोपर मी माझ्या हातानं धरून मापलं. ती हसली. अकरा वर्षं तिनं त्यावर रांधलं. मग अर्धांगानं तिची एक बाजू गेली. तेव्हा मी बासष्टचा होतो, मला चहासुद्धा येत नव्हता. ती दाराशी खाटेवर पडून सांगायची आणि मी करायचो. "मीठ! मीठ राह्यलं न बुवा." "अरे, कांदा जाळून राह्यले तुमी." तीन वर्षं अशी गेली. ती गेली तेव्हा मला सगळं येत होतं.

आता मी माझं करतो. पोरगा छत्रपती संभाजीनगरला असतो, म्हणतो इकडं या. मी जात नाही. मला माझं स्वयंपाकघर आवडतं. भरताच्या बाबतीत तर मी कोणाला ऐकत नाही. वांगी अंगणात पऱ्हाटीवर भाजायची. कापसाच्या वाळल्या काड्या, त्यांचा जाळ उभा आणि झटपट असतो. गॅसवर भाजलेलं वांगं मऊ होतं, पण ते भरीत नव्हे.

त्या साली बंगल्यावरचं काम माझ्याकडं होतं. बंगला म्हणजे गावातलं सगळ्यात मोठं घर. तिथल्या थोरल्या बाई बुटक्या. ओटा त्यांच्या मापाचा. सून आली प्रणिता, देऊळगाव राजाची, चांगली उंच. चार वर्षं वाकून-वाकून तिची कंबर गेली. डॉक्टरनं सांगितलं तेव्हा थोरल्या बाईंनी होकार दिला. गॅसची शेगडी पडवीत गेली, देव दुसऱ्या खोलीत गेले. मग मी आत शिरलो, जुना ओटा फोडला.

प्रणिता बोलकी. मला मिस्तरी म्हणत नव्हती, बाबा म्हणायची. मी भरताची गोष्ट सांगितली तर तिचे डोळे चमकले. मेहकरच्या एका महिला मंडळानं स्पर्धा काढली होती. घरोघर येऊन स्वयंपाकघर बघायचं, रांधणाऱ्याला दोन प्रश्न विचारायचे. काय आवडतं, काय नावडतं. मग त्याच्या हातचा एक पदार्थ चाखायचा. प्रणितानं गावातली नावं लिहून दिली होती.

"बाबा, तुमचंही नाव देते. पुरुष एकटेच तुम्ही."

"मले कायले? लोक हसतीन."

"हसू द्या. भरीत करा."

मी केलं. चूक माझी. मला वाटलं, विचारायला येत आहेत म्हणजे खायलाही येत आहेत.

त्या दिवशी सकाळी बाया आधी बंगल्यावर आल्या. मी ओट्याच्या विटा लावत होतो. पडवीत त्यांनी धिरडी खाल्ली, ती मी पाहिली. मग मी हातपाय धुऊन पुढं घरी आलो. सदरा बदलला.

त्या आल्या तेव्हा प्रणिता संगं होती, पण ती अंगणातच थांबली. चष्मेवालीनं कागद काढला. "बाबा, तुमच्या स्वयंपाकघरातलं काय आवडतं?"

मी म्हटलं, "फळी. हात वर न करता सारं भेटते. अन् उजेड. सकाळी तवा दिसते, दिवा लावा लागत नाही."

"आणि काय आवडत नाही?"

"ओटा माह्यासाठी ठेंगणा हाय. कंबर भरून येते."

"मग नवीन का नाही बांधत? तुम्ही तर मिस्तरी."

"हा बायकोच्या कोपराचा हाय," मी म्हटलं. "तो राहीन."

तिनं लिहिलं. काय लिहिलं माहीत नाही. मग मी ताटली पुढं केली आणि त्यांचे उपास निघाले.

त्या बाहेर गेल्या. प्रणिता दाराशी आली. तिच्या हातात कापडी पिशवी होती. तिचा चेहरा उतरला होता, खोटं का सांगू. ती म्हणाली, "बाबा, मनाला लावून घेऊ नका. वांगी उरलीत ना? कच्ची द्या. मी घरी करते, अगदी तुमच्याच पद्धतीनं. तुमच्याच नावानं ठेवते त्यांच्यासमोर."

चार वांगी टोपल्यात होती. मी ती तिच्या पिशवीत घातली. माझ्याच हातानं. मिरच्याही दिल्या. लसूण दिला. ती गेल्यावर मी खाटेवर बसलो. समोर भरताची ताटली. मी काय केलं ते मला तेव्हा कळलं नाही. माणूस झोपेत दार उघडून येतो, तसं झालं होतं.

दुपारी चारला ग्रामपंचायतीच्या सभागृहात बक्षिसं होती. मी गेलो. का गेलो, सांगता येत नाही. टेबलावर सगळ्यांच्या पदार्थांच्या वाट्या मांडल्या होत्या. एका वाटीपुढं माझं नाव लिहिलेली चिठ्ठी. चष्मेवालीनं त्यातलं चमचाभर तोंडात टाकलं आणि माईकवर म्हणाली, "काय खरपूस वास आहे पऱ्हाटीचा! बाबांच्या हाताला चव आहे."

बंगल्यावर पऱ्हाटी नव्हती. ते गॅसवर भाजलं होतं.

उत्तेजनार्थ बक्षीस. नाव पुकारलं. टाळ्या. मी वर गेलो. चष्मेवालीनं स्टीलचा डबा हातात दिला आणि म्हणाली, दोन शब्द बोला बाबा.

तेव्हा मला माझ्या हाताची बोटं जाणवली. सकाळपासून पहिल्यांदा.

मी म्हटलं, "हे भरीत मी नाही केलं. माह्या वांग्याचं हाय, बंगल्यावर शिजलं. माह्या घरून कच्चं चालते यायले. शिजलेलं चालत नाही. मी केलेलं माह्या घरी झाकून ठेवलं हाय. ज्याले माह्या हातची चव पायजे, त्यानं घरी यावं. दार उघडं हाय."

डबा टेबलावर ठेवला.

कोणी ओरडलं नाही. मागून एक आवाज आला, "बसा न बुवा, कायले वाढवून राह्यले." एक जण हसला. चष्मेवालीनं माईक हातात घेतला आणि पुढचं नाव पुकारलं. प्रणिता पहिल्या रांगेत होती. ती खाली पाहत होती.

मी घरी आलो. दार उघडं ठेवलं. दिवेलागण होईपर्यंत बसलो. कोणी आलं नाही. आमच्या वस्तीतली दोन माणसं आली, पण ती नेहमीच येतात. त्यांना वाढलं, मीही जेवलो. भरीत चांगलं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी बंगल्यावर गेलो. ओट्याच्या भिंती उभ्या होत्या, विटांचा शेवटचा थर आणि वरची फरशी बाकी होती. प्रणिता पडवीत खाली बसून चहा करत होती. एक हात कमरेवर. थोरल्या बाई झोपाळ्यावर.

थोरल्या बाई म्हणाल्या, "काल लई भाषण ठोकलं म्हणे मिस्तरी तुमी."

मी त्यांना म्हटलं, "बाई, मी काम थांबवून राह्यलो."

"काऊन? अर्ध्यात?"

"तुमच्या घरचं माणूस माह्या घरी येऊन, बसून, मी रांधलेलं जेवीन, त्या दिवशी फरशी टाकतो. तोवर नाही. तुमचीच नाही, गावात कोणाचीच नाही. जिथं माह्या घरचं शिजलेलं चालत नाही, तिथं ओटा माह्या हातचा चालणार नाही."

"दुसरे मिस्तरी हाएत गावात."

"हाएत," मी म्हटलं.

मी आत गेलो आणि सामान गोळा करायला लागलो. प्रणिता मागून आली. हळू आवाजात बोलली. "बाबा, मी खाते ना. आत्ता डब्यात आणा. मागच्या खोलीत बसून खाते. फक्त आईंना कळू देऊ नका."

तिचे डोळे भरले होते. ती खोटं बोलत नव्हती. तिची कंबर दुखत होती तेही खरं होतं. कोपराची तिची रेघ भिंतीवर होती.

मी म्हटलं, "नाही बाई. चोरून नको. उघड खाशीन तर खा. नाही तर नको खाऊ."

ती बाजूला झाली.

थापी, ओळंबा, पाणसळीची नळी, रंधा, सूत. घमेलं त्यांचं होतं, ते ठेवलं. त्या दिवसासाठी विटा मीच आदल्या दिवशी हौदात भिजत टाकल्या होत्या. त्या तशाच पाण्यात सोडल्या. पन्नास वर्षांच्या वर काम केलं, एकही काम अर्धं टाकलं नव्हतं. ते टाकलं. सामान पोत्यात भरलं, पोतं खांद्यावर घेतलं आणि घरी आलो.