पंचांच्या बाकावरून

आमच्या चर्चमध्ये पंचांचं, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या सात जणांचं, बाक सर्वांत पुढे होतं आणि त्यावर गादी होती. बाकीच्या मंडळीने नुसत्या लाकडावर बसायचं आणि पंचांनी गादीवर, यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मला तर मुळीच नाही, कारण पंचकमिटीचा चिटणीस म्हणून तिशीतच मीही त्या गादीवर बसू लागलो होतो. नाशकातल्या एका शाळेत मास्तर, अंगात टेरिकॉटचा सफारी, आणि रविवारी शास्त्रपाठ वाचायला उठलो की मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज. गावात शहाणा काय तो मीच, अशी माझी पक्की समजूत होती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. पेठकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावर आमच्या मंडळीचे एक सुवार्तिक होते, साठीला टेकलेले. वीस-बावीस वर्षं त्यांनी तिथे उपदेश केला, पोरांना अक्षरं शिकवली, आजाऱ्यांपाशी बसले, मेलेल्यांना माती दिली. पण त्यांना पाळकपदाची दीक्षा नव्हती, म्हणून प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस द्यायचा अधिकार नव्हता. त्यासाठी नाशकाहून पाळकसाहेब जायचे, वर्षातून एकदा, जमलं तर. म्हाताऱ्यांनी अर्ज केला की मला दीक्षा द्या, म्हणजे माझ्या माणसांना वाट बघत बसावं लागणार नाही. मागणी एवढीच होती.

रीत अशी, की उमेदवाराने नाशकात येऊन रविवारच्या उपासनेत उपदेश करायचा आणि पंचांनी निकाल द्यायचा. विषय पाळकसाहेबांनी नेमून दिला: पुढाऱ्यांचा गर्व आणि थट्टेखोरी यांबद्दल शास्त्रातले इशारे. हा विषय आपल्याला लागू आहे असं गादीवरच्या सातांपैकी एकालाही वाटलं नाही. म्हातारे आदल्या संध्याकाळी एसटीने आले आणि चर्चच्या व्हरांड्यात झोपले, कारण सातांपैकी कुणी त्यांना घरी बोलावलं नाही.

सकाळी व्यासपीठाची पायरी चढण्याआधी त्यांनी वहाणा काढून खाली ठेवल्या. तिथेच आमच्या बाकावर पहिली खसखस पिकली. त्यांनी सुरुवात केली. "देव आधी मोठ्या मानसाला सांगतो. राजाला सांगतो, याजकाला सांगतो, मंग बाकीच्यांना. बाबा रे, तू उंच बसला हाय, तर खाली बघून हसू नको. कळलं का?"

आणि ते थांबले. पाड्यावर उपदेश असाच चालतो. एक गोष्ट सांगायची, विचारायचं, आणि लोकांनी उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. आमच्याकडे उपासनेत कुणी खोकलं तरी माना वळत. त्यांनी पुन्हा विचारलं, "कळलं का?" तेव्हा मी गादीवरून, अगदी त्यांच्याच सुरात म्हणालो, "कळलं बाबा, लय कळलं."

आमचं बाक गदगदलं. हसू मागपर्यंत गेलं. म्हाताऱ्यांचा चेहरा मात्र उजळला. त्यांना वाटलं, मंडळी साथ देते आहे. मग ते दर दोन वाक्यांनी विचारू लागले आणि आम्ही सातही जण एका सुरात उत्तर देऊ लागलो. पाळकसाहेब रुमालात तोंड घालून बसले होते. गर्विष्ठ पुढाऱ्यांचं काय होतं, दुबळ्याला हसणाऱ्याकडे देव कसा बघतो, हे सगळं त्या माणसाने आम्हाला तोंडावर सांगितलं. आम्ही ते हसण्यावारी नेलं.

उपासना संपल्यावर दाराशी त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "सलाम, मास्तर. तुमी साथ दिली म्हणून धीर आला. मी लय घाबरलो व्हतो."

तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. दुपारच्या बैठकीत चहा घेताना हेच वाक्य मी नक्कल करून ऐकवलं आणि पंचांना पुन्हा हसवलं. कुणाच्या तरी डोळ्यांतून पाणी आलं हसून. निकालाला पाच मिनिटंही लागली नाहीत, प्रार्थना तर राहूनच गेली. 'उपदेशाची पद्धत मंडळीच्या प्रतिष्ठेस साजेशी नाही.' हे वाक्य माझं. वळणदार अक्षरात ते मी इतिवृत्तात उतरवलं, त्यांना धाडलेल्या पत्रातही तेच लिहिलं, आणि वाक्य छान जमलं म्हणून उरलेला दिवस खूश होतो.

पाच-सहा वर्षांनी, डिसेंबरात, पेठच्या एसटीच्या कंडक्टरने शाळेत चिठ्ठी आणून दिली. सुवार्तिकांची बायको अंथरुणाला खिळली होती. जाण्याआधी एकदा प्रभुभोजन घ्यावं अशी तिची इच्छा होती. पाळकसाहेबांना पाठवा, असं लिहिलं होतं. मी चिठ्ठी पाळकसाहेबांना दाखवली. ते नाताळच्या गडबडीत होते. "सण होऊन जाऊ दे," ते म्हणाले. मी मान डोलावली. नाताळचं नाटक मीच बसवत होतो, मला तरी कुठे सवड होती.

नाताळानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. तिला नाताळच्या आदल्या दिवशीच पुरलं होतं. म्हाताऱ्यांनी आम्हाला सलाम केला, घोंगडी अंथरली, पाणी दिलं. उशीर का झाला हे विचारलंसुद्धा नाही. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. शेवटचे चार दिवस ती रोज सकाळी, नाशकाहून कोणी आलं का, एवढंच विचारत होती, असं त्यांनी सांगितलं.

मला ते ऐकवेना. मी जवळजवळ रागानेच म्हणालो, "मग तुम्हीच का नाही दिलंत? इथे कोण बघायला बसलं होतं?"

त्यांना माझ्या बोलण्याचंच नवल वाटलं.

"आसं कसं, मास्तर? तुमी सात जनांनी प्रार्थना करून ठरवलं असंल ना, मला द्यायचं नाय म्हणून. ते मी कसं मोडू?"

म्हातारे माझ्या उत्तरासाठी थांबले होते.

"हो," मी म्हणालो. "प्रार्थना करूनच ठरवलं होतं."