पाकटाचा काटा

आचऱ्याच्या मासळीबाजारात रोझालिनाने पस्तीस वर्षं काढली, पण नवऱ्याच्या होडीत ती कधी चढली नव्हती. होडी जॉर्जची, सुरी तिची, अशी त्यांच्या संसाराची वाटणी. माशाच्या अंगात कुठे काय असतं हे गावात तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि तसं ती सगळ्यांना ऐकवायचीही.

लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा दोघं पहिल्यांदाच त्याच्या होडीतून, किनाऱ्याकिनाऱ्याने पाणकावळ्यांच्या बेटावर फिरायला निघाली. निघताना तिने त्याच्या हातातून कोयता काढून घेतला.

"ह्यो घराकडेच ऱ्हवांदे. आज तू मच्छीमार नाय, माझो घोव."

बेट हाकेवर आलं आणि जॉर्जने फळीखालून गरी काढून पाण्यात सोडली.

"हात गप बसणत नाय गो."

गरीला परातीएवढा चपटा मासा लागला, पाकट. पाकटाच्या शेपटीत वीतभर विषारी काटा असतो, म्हणून शेपटी पाण्यातच छाटायची असते. कोयता नव्हता. सोडून देणं जॉर्जला जमलं नाही. त्याने हिसडा मारून पाकट आत घेतलं.

शेपटी चाबकासारखी फिरली. काटा त्याच्या पोटरीत घुसला आणि मुळाशी मोडला. रोझालिनाने दोन्ही हातांनी वल्हं उचललं. पहिला घाव डोळ्यांमध्ये बसला, दुसऱ्याने तोंड फुटलं, तिसऱ्याला रक्त तिच्या कपाळावर उडालं. पाकट निपचित पडल्यावरही ती मारत राहिली, कारण कोयता तिनेच घरी ठेवायला लावला होता.

जॉर्ज गुरासारखा ओरडत होता. "काड तो. ओढ."

"काडूचो नाय. उलटे दात आसत तेका. येताना शीर घेवन येतलो."

"दर्यार हुकूम माझो."

"दर्यार तुझो. काट्यार माझो."

त्याने स्वतःच काटा धरला. तो जरासा हलला आणि रक्त उसळलं. आणखी एक हिसडा, आणि नवरा इथेच संपेल, हे तिला दिसलं. तिने वल्हं त्याच्या मनगटावर घातलं. हाड कडकन वाजलं.

चाळीस वर्षांत तिने त्याच्यावर हात उचलला नव्हता. त्याचा दुसरा हात पुढे सरकला. तिने वल्हं पुन्हा उगारलं.

"दुसरो पण मोडतलंय."

हात मागे गेला.

तिने डोक्याचं फडकं काट्याच्या भोवती आवळलं. तो दात खात सांगत गेला, तशी तिने होडीच्या मशीनची दोरी ओढून ते सुरू केलं. शिंगाळा माशाचा काटा टोचला की बाजारात बायका विष उतरायला हात गरम पाण्यात घालतात. मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची ऊन धार मागे पडत होती. ती डब्यात धरून तिने वाटभर पोटरीवर ओतली. एक हात सुकाणूवर, एक डब्यावर. तो मधूनमधून बेशुद्ध व्हायचा, तेव्हा ती त्याच्या थोबाडीत मारायची.

होडी थांबवायची कशी, हे विचारायला तो शुद्धीवर नव्हता. तिने ती पूर्ण वेगात वाळूत घातली. तळ फाटला, दोघं बाहेर फेकली गेली. माणसं धावली.

मालवणात डॉक्टरांनी पोटरी कापून काटा काढला. "मुख्य रक्तवाहिनीला टेकला होता. ओढला असता, तर होडीतच गेले असते."

"ठाऊक होतं मला," रोझालिना म्हणाली.

"आणि हे मनगट?"

जॉर्ज भिंतीकडे बघू लागला.

"ते मी मोडलं. प्लास्टर नीट घाला, वल्हं मारायचं असतं त्यांना."