डावीकडची फांदी

सिफ्रेनमामाला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, झाडं राहत. वाटेत कुणी भेटलं की तो नाव विचारायचा नाही, "तुझं झाड कुठलं?" असं विचारायचा. मग "हां, विहिरीजवळचं, मधे गर्दी झालेलं!" असं म्हणून त्याला ओळख द्यायचा. ऑलिव्हची छाटणी करावी तर त्यानंच. मार्च लागला की लुबेरों डोंगराच्या या अंगच्या सगळ्या गावांतून त्याला बोलावणी यायची. आमच्याकडे म्हणतात, ऑलिव्हचं झाड सांगतं, तू माझे कपडे उतरव, मी तुला कपडे घालीन; म्हणजे नीट छाटलंस तर भरपूर फळेन. मामानं हे फारच मनावर घेतलं होतं. त्याच्या स्वतःच्या लग्नाची वरात चर्चच्या वाटेवर अर्धा तास खोळंबली, कारण कुणाच्या तरी झाडाला आतून फुटलेला फोक त्याला दिसला. मिएतमामीचा राग अजून गेलेला नाही. "मी झगा सावरत उन्हात उभी, आणि नवरा झाडावर!"

आज पॅरिसमध्ये ज्यांचं नाव आदरानं घेतात, ते चित्रकार मस्यू रुस्ताँ आमच्या गावात तेव्हा 'चेपलेल्या डोंगरांचे साहेब' म्हणून ओळखले जायचे. त्यांचे डोंगर खरोखरच पोचे आलेल्या पातेल्यासारखे दिसत. त्यांनी आमच्या बांधावरचं जुनं ऑलिव्ह निवडलं. का, ते त्यांनाच ठाऊक. त्या झाडाची डावीकडची एक फांदी खाली लोंबून डोंगराच्या आडवी आली होती, आणि तिनं जन्मात एक फळ धरलं नव्हतं. पण त्यांचा सगळा जीव तिच्यावर. झाडाला कुणी हात लावणार नाही, असा त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला, आणि मी दिला. मला काय माहीत, चित्र तीन वर्षं चालेल म्हणून! रंगाचा एक ठिपका लावायचा, मग पाव तास नुसतं बघत बसायचं. आमची गायसुद्धा रवंथ याहून लवकर संपवते.

मामाचे मात्र हाल झाले. रोज दहा वाजता तो त्या वाटेनं जायचा आणि रोज थांबायचा.

"मस्यू, ती डावीकडची..."

"नाही, सिफ्रेन."

"नुसती टोकाला, दोन बोटं."

"नाही म्हटलं ना."

"झाडाला त्रास होतो हो."

"झाड बोललं का तुला तसं?"

"मला सगळीच बोलतात."

असं भांडता भांडता दोघांची गट्टी जमली. पाव, कांदा आणि बकरीचं चीज ते एकाच फडक्यावर मांडून खायला लागले. मामा चित्राची परीक्षाही करायचा. "खोड झकास आलंय. डोंगर तेवढा कलंडलाय." "कलंडू दे," मस्यू म्हणायचे. एकदा मामानं चित्रातल्या वरच्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या, कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"ही फांदीची जागा," मस्यू म्हणाले. "समोर दिसतं तेवढंच मला काढता येतं, सिफ्रेन. आठवणीतून एक पान काढ म्हटलंस तरी जमायचं नाही. ही फांदी सगळ्यांत अवघड, म्हणून शेवटी ठेवलीय. ती झाली की चित्र झालं. हे एक पुरं व्हावं, बाकीची चुलीत घातली तरी चालतील."

मामानं मान डोलावली. ऐकलं त्यानं, पण ते डोक्यात शिरलं नाही.

त्या हिवाळ्यात मस्यूंची छाती भरली आणि त्यांची बहीण त्यांना आप्त शहरात, आपल्या घरी घेऊन गेली. मार्च आला. एका शनिवारी मी बाजाराला गेले होते. परत येते तर मामा आमच्या झाडाखाली टोपी काढून उभा, चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज. झाड कसं, तर एखाद्या पोराला न्हाऊ घालून भांग पाडावा तसं. डावीकडची फांदी मुळापासून गेली होती. कापलेली पानं शेळ्यांनी केव्हाच फस्त केली होती.

"बघ कसं दिसतंय!" मामा म्हणाला. "आजारी माणूस परत येणार म्हटल्यावर आपण घर झाडून ठेवतो की नाही? म्हटलं, साहेबांना तेवढंच बरं वाटेल."

मी पाटी खाली टाकली आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, "अरे मामा, चित्राचं काय?"

"चित्रातही चांगलंच दिसेल की आता," तो म्हणाला. मग त्याचं तोंड उघडंच राहिलं. "ते आठवणीतून काढत नाहीत," असं पुटपुटत तो मटकन खाली बसला.

मस्यू आठ दिवसांनी येणार होते. सात दिवस मामा जेवला की नाही, देव जाणे. आठव्या दिवशी पहाटे त्यानं स्वतःच्या सगळ्यात लाडक्या झाडाची फांदी कापली आणि तारेनं आमच्या झाडाला बांधली. मामी खालून तार देत होती आणि तोंडही चालू होतं. "जन्मभर फांद्या तोडल्यात ना? घ्या, आता चिकटवा! डावीकडे अजून. अहो, तुमच्या डावीकडे नाही, डोंगराच्या!"

मस्यू गाढवाच्या गाडीतून उतरले. वाळून अर्धे झाले होते. त्यांनी खुर्ची मांडली, रंग काढले आणि बघत बसले. आम्ही तिघं दगडी कुंपणाआड श्वास रोखून उभे. अर्धा तास गेला.

"सिफ्रेन," त्यांनी मागे न बघता हाक मारली, "ही फांदी कुणाची?"

मामा टोपी हातात धरून बाहेर आला. "माझ्या झाडाची, मस्यू."

"चांगली आहे. पण हिची या झाडाशी ओळख नाही रे."

मामा रडला. साठीचा माणूस, मिशा भिजेपर्यंत रडला. मला वाटलं, आता साहेब काठी उगारतील, आणि उगारली असती तर मी अडवलं नसतं.

"नवी यायला किती दिवस लागतील?" त्यांनी विचारलं.

"तीन वर्षं. पाऊस नीट झाला तर."

मस्यूंनी ब्रश पुसायला घेतला. "डॉक्टर तर एकच म्हणतोय. म्हणजे दोन वर्षं मला जास्तीची जगायला हवीत. तुझ्यामुळे आयुष्य वाढलं म्हणायचं!"

मग ते खरंच येत राहिले. तब्येत बरी असेल तेव्हा खोडावर हात फिरवायचे, डोंगर पुन्हा कलंडवायचे. फांदी कापली होती तिथे नवा फोक फुटला, आणि मामा दर रविवारी चर्चनंतर तो दोऱ्यानं मोजायचा.

"चार बोटं वाढली, मस्यू."

"मीपण अजून आहे, सिफ्रेन."

दुसऱ्या वर्षी द्राक्षं उतरवली त्या आठवड्यात मस्यू गेले. फोक तेव्हा माझ्या हाताएवढाही नव्हता. बहिणीनं सगळी चित्रं नेली. पुढच्या मार्चमध्ये मामा कुणाच्याच छाटणीला गेला नाही. त्याला वाईट वाटत होतं, आणि मलाही.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात पॅरिसहून एक गृहस्थ आले, चकचकीत बूट घालून. हातात त्या चित्राची छापील प्रत. मामा आमच्या बांधावरच होता. गृहस्थांनी त्याला आणि मला चित्र समजावून सांगितलं.

"हा कोपरा बघा. इथे या थोर चित्रकारानं मुद्दाम पोकळी सोडली आहे. जे शब्दांत येत नाही, रंगात येत नाही, ते इथे आहे."

मामानं सगळं नीट ऐकून घेतलं. "सोडली नाही," तो म्हणाला. "मी कापली."

गृहस्थ हसले. "आजोबा, हे कलेतलं आहे. समजायला जरा अवघड असतं."

मामानं त्यांच्या हातातून चित्र काढून घेतलं. खुर्ची असायची तिथे जाऊन उभा राहिला, चित्र डोळ्यांसमोर धरलं, एक डोळा मिटला. समोर नवी फांदी होती, डोंगराच्या आडवी. गेली पंधरा वर्षं मामा दर मार्चमध्ये शिडी लावून तिला बोटबोटभर कापतो, जुन्या फांदीच्या मापाच्या पुढे जाऊ देत नाही. मामीनं हसून हसून आता हसणं सोडलंय.

"बघा, इथून इथपर्यंत," मामा म्हणाला. "पानं अशीच होती. बरोबर बसते. तुम्हाला रंगवता येतं?"

"नाही. मी चित्रांवर लिहितो."

मामानं चित्र परत दिलं. "मग कुणी रंगवणारा असला तर पाठवा. दहा वाजता ऊन चांगलं असतं. पण लवकर ये म्हणावं. मी अठ्ठ्याहत्तरचा आहे, आणि माझ्यामागे हिला कुणी मोजणार नाही."