काल येणारा तास

साऱ्या पृथ्वीवर सूर्यानंतर वेळेची जबाबदारी कुणी अंगावर घेतली असेल, तर ती माझ्या साडूंनी. सूर्य निदान संध्याकाळी घरी जातो. साडूंना तीही सवलत नव्हती, कारण फरीदाबादला संध्याकाळ झाली की शिकागोत ऑफिस उघडतं. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते टेलिफोन सांभाळत. मानेसर, जर्मनी, शिकागो, सिडनी, सगळीकडच्या टेबलांवरचे फोन एकाच एक्सचेंजला जोडलेले, आणि ते एक्सचेंज साडूंच्या खोलीत, एसीच्या अशा गारठ्यात, की ऐन जूनमध्ये हा माणूस बायकोनं विणलेला स्वेटर घालून कंपनीच्या बसमध्ये चढे आणि अख्खी बस त्याच्याकडे बघून घाम पुसे. कुठे किती वाजले, तिथलं ऑफिस उघडलं की नाही, फोन करणाऱ्याला घंटी ऐकवायची की 'ऑफिस बंद आहे' ही रेकॉर्ड, हे सगळं ते यंत्र ठरवी, आणि यंत्राला साडू सांगत.

यात सांगण्यासारखं काय, असं म्हणाल. तर ही गोरी मंडळी वर्षातून दोनदा घड्याळाशी खेळतात. उन्हाळ्यात एक तास पुढे, हिवाळ्यात एक तास मागे. उजेड वाचवतात म्हणे! हल्लीची यंत्रं हे आपलं आपण करतात, पण साडूंचं एक्सचेंज त्यांच्याइतकंच जुन्या वळणाचं. त्यात 'चौथा रविवार' असा नियम भरता येई, 'शेवटचा रविवार' असा भरता येत नसे. म्हणजे ज्या मार्चमध्ये पाच रविवार आले, त्या मार्चमध्ये शेवटच्या रविवारी घड्याळ हलवणाऱ्या जर्मनीचा घात ठरलेला. म्हणून साडू दर वर्षी दर देशाची तारीख स्वतःच्या हातानं भरत, आणि तेही अंघोळ करून.

देशांविषयी ते सोयऱ्यांविषयी बोलावं तसं बोलत. "जर्मनी सालस हो. अमेरिका मेली उतावळी, सगळ्यांच्या आधी दोन-तीन आठवडे घड्याळ हलवून मोकळी. आणि सिडनीचं तर उलटंच, जग पुढे गेलं की ती मागे." त्यांच्या लेकीला, रेवाला, ॲरिझोनातलं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा काय करतो, उंची किती, कशाची म्हणून चौकशी न करता साडू म्हणाले, "घराणं चांगलं असणार. ॲरिझोनात बारा महिने एकच वेळ असते." रेवानं मुलाचा फोटो पाहिला आणि बारा महिने नको म्हणाली.

मार्चमधल्या एका रविवारी आम्ही नोएडाहून त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. श्रीखंड-पुरीचा बेत. बरोबर दीड वाजता साडूंनी हातातली पुरी ताटात ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "गेला."

माझ्या बायकोच्या हातून वाटी निसटली. "अगं बाई! कोण गेलं?"

"शिकागोचा तास. दोनचे एकदम तीन झाले. आता नोव्हेंबरपर्यंत भेट नाही."

त्यानंतर आम्ही श्रीखंड सुतकात खाल्ल्यासारखं खाल्लं.

या विद्येचा समाजाला लाभ व्हावा म्हणून एकदा त्यांनी फरीदाबादच्या मराठी मंडळाच्या गणपतीतही हात घातला. संध्याकाळी ट्रॅफिक फार, तेव्हा सहाची आरती पाचला घेऊ, असं ठरलं, आणि सूचना लिहायचं काम साडूंनी मागून घेतलं. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'आरती एक तास पुढे.' साडूंच्या डोक्यात घड्याळ पुढे केलेलं, म्हणून ते पाचला हजर. बाकी मंडळाच्या डोक्यात कार्यक्रम पुढे ढकललेला, म्हणून ते सातला. मधल्या दोन तासांत मखरापुढे साडू, गुरुजी आणि एकशे एक मोदक एवढेच होते. सातला साडू, गुरुजी आणि एकवीस मोदक होते. आणि असा हा माणूस स्वतः आमच्याकडे यायचा म्हणजे तासभर उशीर नक्की. विचारलं तर म्हणणार, "साडूभाऊ, आम्ही अजून हिवाळी वेळेवर आहोत."

पण साऱ्या वेळांहून त्यांचं खरं वैर होतं ते 'काल' या शब्दाच्या गैरवापराशी. रेवा दिल्लीकडे वाढलेली. हिंदीतलं 'कल' मागेही जातं आणि पुढेही, त्यामुळे लहानपणापासून ती सरळ म्हणे, "बाबा, माझा काल पेपर आहे," "मावशी, आम्ही काल येणार!" साडू जिथे असतील तिथून ओरडत, "काल नाही, उद्या! काल गेला. गेलेला येत नसतो." अंघोळीच्या मोरीतून, गच्चीवरून, एकदा तर दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीतून, तोंडात कापूस असताना. पोरगी इंजिनिअर झाली, तरी 'काल येते' काही सुटलं नाही.

बावीस वर्षांत साडूंच्या एक्सचेंजवर एकाही फोननं एकदाही चुकीची वेळ दाखवली नव्हती. एप्रिलात सिडनीची पाळी यायच्या आत नवीन यंत्र बसायचं होतं, साडू एप्रिलअखेर निवृत्त व्हायचे होते, आणि निरोपाचं भाषण त्यांनी सहा महिने आधीच लिहून ठेवलं होतं. त्यातलं पहिलं वाक्य, 'बावीस वर्षांत माझा एक तासही चुकला नाही', हे ते आम्हाला इतक्यांदा ऐकवत की माझ्या बायकोला ते झोपेतही पाठ होतं. आता फक्त मार्चचा शेवटचा रविवार तेवढा राहिला होता. जर्मनीचा तास. तो हलवला की साडू गंगेत न्हाले.

आणि नेमक्या त्याच शनिवारी रेवा नोकरीसाठी निघाली, तीही जर्मनीलाच. बावीस वर्षांत साडूंनी पहिल्यांदाच मार्चअखेरची सुट्टी काढली आणि जर्मनीची तारीख भरायचं काम गुप्ताजींवर सोपवलं. गुप्ताजी त्यांचे शेजारच्या टेबलावरचे सोबती, पलवलचे, साडूंचा शब्द म्हणजे सरकारी आदेश मानणारे.

दुपारी विमानतळाच्या दारात आम्ही सगळे उभे होतो. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, रडत होती. माझी बायको तिला धीर देता देता तिच्यापेक्षा मोठ्यानं रडत होती. रेवानं ट्रॉली पुढे ढकलली, वळली आणि म्हणाली, "बाबा, काल पोचले की लगेच फोन करते."

"उद्या!" साडू म्हणाले. "काल नाही गं, उद्या. काल गेला."

रेवानं पासपोर्ट काढून हातात घेतला. "अच्छा बाबा. उद्या," म्हणाली आणि आत गेली. काचेतून तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत साडू हात हलवत होते. ती मागे वळलीच नाही.

मग करायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी गुप्ताजींना फोन लावला. मी शेजारीच होतो, स्पीकर चालू होता.

"गुप्ताजी, जर्मनी का घंटा?"

"कल, सर."

"शाबाश! अब उसको हाथ मत लगाना."

पलीकडे खुर्ची मागे सरकली. मग, "बिल्कुल, सर."

आलं लक्षात? गुप्ताजी म्हणत होते, उद्या करतो. साडूंना ऐकू आलं, काल केलं. तीस वर्षं दिल्लीकडे काढलेला माणूस, हिंदीत भांडतो, हिंदीत भाजी घेतो, पण त्या घटकेला त्याचे कान लेकीबरोबर काचेच्या आत गेले होते, आणि ते कान मराठी होते. गुप्ताजींनी, साहेबांनी मना केलं म्हणून, कीबोर्डवर रुमाल पसरून ठेवला.

सोमवारी जर्मनीतलं ऑफिस आठ वाजता उघडलं. एक्सचेंजच्या मते तिथे सातच वाजले होते. मानेसरच्या साडेअकरापासून साडेबारापर्यंत जो जर्मनीला फोन करी, त्याला एक गोड आवाज सांगे की ऑफिस बंद आहे, आणि आत सगळे जर्मन फोनकडे बघत बसलेले, आज कुणालाच आपली आठवण कशी येत नाही म्हणून.

मॅनेजरनं दोघांना बोलावलं. गुप्ताजी घाबरून गेले. साडूंनी मनात आणलं असतं तर 'मी सुट्टीवर होतो' एवढं एक वाक्य पुरे होतं. रेकॉर्डही शाबूत, भाषणही. त्याऐवजी त्यांनी सांगितलं, "सर, गलती मेरी है. मैंने मराठी में सुना."

"मराठी में सुना, मतलब? बोला तो हिंदी में था?"

"वही तो, सर."

मॅनेजरला शेवटपर्यंत काही समजलं नाही, पण कागद तर लागतोच, म्हणून साडूंनी लेखी खुलासा दिला. त्याची प्रत त्यांनी मला दाखवली होती. इंग्रजीच होता, पण त्याचा मराठीत सरळ अर्थ असा, की गुप्ताजी बोलले त्यात काना नव्हता, तो माझ्या कानानं घातला.

निरोपाच्या दिवशी आम्ही कुटुंबासह मानेसरला गेलो होतो. साडू उठले, चष्मा लावला, कागद उघडला. माझी बायको ओठांतल्या ओठांत म्हणू लागली, 'बावीस वर्षांत माझा...' साडू थांबले. "बाईस साल में मेरा सिर्फ एक घंटा गलत हुआ," ते म्हणाले, "और वो घंटा मैं एअरपोर्ट पर था." कागद घडी करून खिशात घातला आणि बसले. सर्वात मोठ्यानं टाळ्या गुप्ताजींनी वाजवल्या.

परवाच्या रविवारी आम्ही पुन्हा फरीदाबादला जेवायला होतो. नवीन यंत्र आपलं आपण सगळं करतं, त्यामुळे साडू आता कुठल्याच देशाची वेळ सांगत नाहीत. जेवतात आणि दर पाच मिनिटांनी फोनकडे बघतात. अखेर तो वाजला, साडूंनी स्पीकर लावला.

"बाबा, मी बाहेर आहे, ट्राम येतेय. आज नाही जमणार हं. काल करते. नक्की!"

ताईची डाव हवेतच थांबली. माझी पुरी थांबली. आम्ही सगळे साडूंच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"कर," साडू म्हणाले. "काल कर. मी घरीच आहे."

फोन ठेवल्यावर मला राहवेना. "काय साडूभाऊ, व्याकरण कुठं गेलं? गेलेला काल येत नसतो ना?"

त्यांनी पुरीचा तुकडा मोडला, श्रीखंडात बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"म्हणतेय ना ती येतो म्हणून," ते म्हणाले. "बघू की वाट."